गणित मांडणारे आणि गणित तपासणारे

मुंबईपासून थेट चंद्रपूरच्या अरण्यांतील पोंभुर्ण्यापर्यंत मराठी माणसाच्या घरीं पंचांग नाहीं तर निदान दिनदर्शिका तरी भिंतीवर टांगलेली असते. एकादशी कोणत्या दिवशीं, ग्रहण किती वाजतां लागणार, हें घरांतील मंडळी तींत पाहतात व त्यावर निर्धास्तपणें विसंबतात. तें गणित कोणी केलें, कोणत्या रीतीनें केलें, आणि दुसऱ्या कोणी तें तपासलें काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आजच्या विद्वत्तेची स्थितिही बऱ्याच अंशीं अशीच झाली आहे. पदार्थविज्ञान, वैद्यक, अर्थशास्त्र यांतील असंख्य निष्कर्ष संगणकाच्या सॉफ्टवेअरमधून निघतात. संशोधकाचा निबंध मासिकांत छापण्यापूर्वीं तज्ज्ञ परीक्षक वाचतात. परंतु ज्या सॉफ्टवेअरनें तो निष्कर्ष दिला तें पुष्कळदा कर्त्यापाशींच राहतें. तेंही ग्रंथाप्रमाणें प्रसिद्ध व्हावें व समव्यवसायी विद्वानांनीं तें पारखावें, असा आग्रह गेल्या कांहीं वर्षांत जगभर धरला जात आहे. ही कल्पना अगदीं नवी आहे असें वाटण्याचा संभव आहे. परंतु महाराष्ट्रांत तिचा मागोवा पांचशें वर्षांपर्यंत घेतां येतो, आणि तोच येथें घेण्याचा आमचा विचार आहे.

कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ग्रहाचें आकाशांतील स्थान काढावयाचें तर त्यापूर्वीं ज्याचापांचें किचकट गणित करावें लागे. गणेशांनीं तें अजिबात टाळून सामान्य अंकगणितानें काम भागेल अशा युक्ति योजिल्या. आणि आरंभदिवसापासूनच्या दिवसांची संख्या फार फुगूं नये म्हणून ११ वर्षांचें, ४०१६ दिवसांचें, एक चक्र कल्पिलें. आजच्या भाषेंत हें तयार सॉफ्टवेअरच होय! आंत काय चाललें आहे हें न जाणणाऱ्या जोशीबुवांनींही आंकडे घालावे आणि उत्तर काढावें. ग्रंथ झपाट्यानें पसरला यांत नवल नाहीं. पण सोय जितकी मोठी तितका आंधळेपणाचा धोकाही मोठा. हा धोका ज्यांनीं ओळखला ते टीकाकार पुढें झाले. सतराव्या शतकाच्या आरंभीं मल्लारीनें ग्रहलाघवावर टीका लिहून गणेशांच्या रीतींची उपपत्ति सांगितली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं विश्वनाथानें प्रत्येक रीतीचें उदाहरण प्रत्यक्ष आंकड्यांनीं सोडवून दाखविलें. एकानें ‘असें कां’ याचें उत्तर दिलें. दुसऱ्यानें ‘करून पाहा, हेंच उत्तर आलें पाहिजे’ असें सांगितलें. सॉफ्टवेअरच्या परीक्षकाचीं हीं दोन मुख्य कर्तव्यें आजही तींच आहेत.

तथापि टीकेच्या परीक्षेला एक मर्यादा होती. रीत कितीही सुबक असली तरी आकाश तिच्या स्वाधीन नसतें. तीन शतकें लोटल्यावर ग्रहलाघवावरून काढलेलें ग्रहणाचें गणित आणि प्रत्यक्ष ग्रहण यांचा मेळ बसेनासा झाला. ही उणीव भरून काढण्यासाठीं प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांनीं युरोपीय ज्योतिषांच्या आधारें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ हा मराठी ग्रंथ १८६० सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढें आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्यानें त्या गणिताचें पंचांगही निघूं लागलें. तेंच पटवर्धनी पंचांग. त्यावर मोठा वाद माजला. राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रांतील विशिष्ट तारेपासून धरावा, कीं परंपरेचें मान ठेवावें, कीं विसाजी रघुनाथ लेले यांच्या म्हणण्याप्रमाणें संपातापासून मोजून सायन पंचांगच स्वीकारावें? प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता; संक्रांत कोणत्या दिवशीं व अधिक मास कोणता हें त्याच्या उत्तरावर अवलंबून होतें. त्या वादांत कडूपणा पुष्कळ होता. परंतु छत्र्यांचे आंकडे छापील व उघडे होते, त्यामुळें ज्याला आक्षेप घ्यावयाचा त्याला कोणत्या अंकावर आपला आक्षेप आहे हें दाखवितां येई. गुप्त ठेविलेल्या गणितावर वाद होऊंच शकत नाहीं. त्यावर विश्वास तरी ठेवावा लागतो किंवा अविश्वास तरी.

या उघडेपणाचें फळ एका निराळ्याच क्षेत्रांत मिळालें. गुप्त राजांचे शिलालेख ज्या शकांत आहेत त्या गुप्त संवताचा आरंभ केव्हां झाला, याविषयीं विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होता, व त्यावर प्राचीन भारताचा अर्धा कालक्रम लोंबकळत होता. डॉ. फ्लीट यांनीं हा प्रश्न हातीं घेतला, आणि तिथींच्या गणितासाठीं त्यांना साह्य लाभलें तें शंकर बाळकृष्ण दीक्षित या मराठी शिक्षकाचें. मध्य प्रदेशांतील एरण येथें बुधगुप्ताच्या काळचा स्तंभलेख आहे. त्यांत संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. दीक्षितांनीं छत्र्यांच्याच कोष्टकांवरून गणित केलें आणि तो दिवस इ. स. ४८४ च्या जून महिन्याच्या २१ तारखेचा गुरुवार ठरला. तिथि व वार दोन्ही जुळले, आणि संवताचा आरंभ ३१९-२० च्या सुमारास धरण्यास भक्कम आधार मिळाला. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ सालीं निघाला. त्यांत निष्कर्ष तेवढा न देतां गणिताची रीतही दीक्षितांच्या नांवानें परिशिष्टांत छापली आहे. ज्यास शंका येईल त्यानें स्वतः गणित करून पाहावें! त्याच वर्षीं जर्मन पंडित याकोबी यांनीं हिंदु तिथि पडताळण्याचीं आपलीं स्वतंत्र कोष्टकें प्रसिद्ध केलीं. आणि १८९६ सालीं सीवेल व दीक्षित यांचा ‘इंडियन कॅलेंडर’ लंडनमध्यें निघाला, त्याला व्हिएन्नाच्या डॉ. श्राम यांच्या ग्रहणकोष्टकांची जोड होती. एकाच लेखाची तिथि आतां दोन मार्गांनीं काढून ताडून पाहतां येऊं लागली. पुण्यांत पंचांगासाठीं तयार झालेलें साधन एरणच्या दगडावरील अक्षरांचा काळ ठरवूं शकलें, याचें श्रेय कर्त्याच्या बुद्धीइतकेंच त्यानें तें साधन सर्वांच्या हातीं दिलें या गोष्टीस आहे.

संगणक आला तेव्हां हा धडा आरंभीं विसरला गेला नव्हता. अमेरिकेंतील संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकानें १९६० सालापासून गणनाविधि छापण्यास सुरुवात केली, व दुसऱ्या कोणी तो विधि यंत्रावर चालवून पाहिला म्हणजे त्याचें प्रमाणपत्र अथवा दोषदर्शनही तेथेंच छापलें जाई. परंतु पुढें सॉफ्टवेअर अवाढव्य झालें आणि निबंधाच्या पानांत मावेनासें झालें. मग पानांवर निष्कर्ष राहिला आणि साधन दृष्टीआड गेलें. त्याची किंमत किती पडूं शकते हें राइनहार्ट व रोगॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० सालच्या निबंधावरून दिसतें. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असलेल्या देशांची वाढ सरासरीनें उणें ०.१ टक्का होते, असें त्यांनीं मांडलें, व सरकारी काटकसरीच्या पुरस्कर्त्यांनीं तें उचलून धरलें. २०१३ सालीं थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानें मूळ कोष्टक मागवून घेतलें, तेव्हां सूत्रांतील चुकीनें पांच देश गळले असल्याचें आढळलें. ही व इतर कांहीं वैगुण्यें दूर करतां त्याला सरासरी २.२ टक्के मिळाली. निबंध सर्वांनीं वाचला होता. कोष्टक मात्र कोणी उघडलें नव्हतें.

अशा अनुभवांतूनच संशोधनाच्या सॉफ्टवेअरला वाहिलेलीं नियतकालिकें निघालीं. ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ २०१६ सालीं सुरू झालें. तेथें निबंध अगदीं लहान असतो. खरी परीक्षा सॉफ्टवेअरची होते. तें परीक्षकाच्या संगणकावर चालतें काय, वापरण्याची माहिती पुरेशी आहे काय, चांचणीचीं उदाहरणें दिलीं आहेत काय, इतरांस तें वापरण्याची व सुधारण्याची मोकळीक आहे काय, हें परीक्षक एकेक करून पाहतो, आणि त्याची व कर्त्याची प्रश्नोत्तरें सर्वांना वाचतां येतात. मल्लारि आणि विश्वनाथ यांना ही पद्धत परकी वाटली नसती. आपल्या पुणें जिल्ह्यांत खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या नोंदींपासून आकाशाचीं चित्रें तयार करणारें ‘कॅप्चर’ नांवाचें सॉफ्टवेअर पुण्याच्या संशोधकांनीं २०२१ सालीं निबंधासह प्रसिद्ध केलें व सर्वांस खुलें ठेविलें. छत्र्यांची परंपरा खंडित झालेली नाहीं.

परीक्षकानें पाहिलें म्हणून सॉफ्टवेअर निर्दोष ठरतें असें मात्र नव्हे. ग्रहलाघवाच्या टीकाकारांनाही पुढील शतकांतील आकाश दिसलें नव्हतें. परीक्षेनें एवढेंच साधतें कीं, चूक सांपडण्याचा मार्ग मोकळा राहतो. परंतु हा मार्ग मोकळा ठेवण्याचें काम कष्टाचें आहे, आणि त्याचा मोबदला आमच्या विद्यापीठांतून फारसा मिळत नाहीं. निबंध किती लिहिले याची मोजदाद होते. जें साधन शेंकडों निबंधांना आधार देतें तें रचणाऱ्याची आणि चार रात्री जागून तें तपासणाऱ्याची नोंद कोठेंच होत नाहीं. असेंच चालावयाचें असेल तर बुद्धिमान तरुणांनीं हें काम कां पत्करावें? फ्लीट यांनीं दीक्षितांची रीत त्यांच्या नांवानें छापली, एवढा न्याय तरी आजच्या कर्त्यास व परीक्षकास मिळाला पाहिजे. शहरापासून दूर असलेल्या पोंभुर्ण्यासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला मोठी प्रयोगशाळा लाभणें कठीण. पण खुलें सॉफ्टवेअर चालवून पाहण्यास व त्यांतील दोष दाखविण्यास एक संगणक आणि चिकाटी पुरे. छत्र्यांचें कोष्टक उघडून बसलेल्या एका शिक्षकानें गुप्तांचा काळ ठरविण्यास हात लाविला, हें त्या विद्यार्थ्यानें अवश्य ध्यानांत ठेवावें.