आजारी माणसाचं मत

१३ मे २०२४. औरंगाबादला लोकसभेचं मतदान, आणि मामा दवाखान्यात अ‍ॅडमिट. "पोस्टानं देता येतं का रे मत?" त्यांनी विचारलं. म्हणून जरा कायदा चाळला.

१९६१ च्या नियमांत टपाली मत सैनिकांना आहे, निवडणूक ड्यूटीवरच्यांना आहे, इतकंच काय, प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यांनाही आहे! २०१९ मध्ये ऐंशीच्या पुढचे आणि दिव्यांग आले, २०२० मध्ये कोरोनाचे पेशंट. २०२४ मध्ये वयाची अट ८५ झाली. साधा ऑपरेशनवाला मात्र यादीत नाहीच.

बरं, घाटी हॉस्पिटलात केंद्र उघडलं तरी बीड-जालन्याहून आलेल्यांची नावं गावाकडच्याच यादीत. त्यांना टपालच हवं. कोरोनात नियम बदलता आला, मग आता का नाही?

मामा ६२ वर्षांचे. नियमात बसायला अजून २३ वर्षं. असो.