डॅशबोर्डचा रंग कोण ठरवतं?

२००५ सालच्या फोर्ड मस्टँगमध्ये एक गंमत होती. बटण दाबलं की स्पीडोमीटरमागचा उजेड हिरव्याचा निळा, निळ्याचा जांभळा व्हायचा. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी कमीजास्त करून सव्वाशेच्या वर रंग मिळतात, अशी फोर्डची जाहिरात. 'मायकलर' हे तिचं नाव. आता तुम्ही म्हणाल, हा अमेरिकन चोचलेपणा! आहेच. पण त्याआधी ऐंशी-नव्वद वर्षं हा रंग गिऱ्हाईक ठरवत नव्हतं, आणि खरं तर कंपनीही नाही. हातात कोणता पदार्थ आहे, त्यावर तो ठरत होता.

सुरुवात रेडियमपासून. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विमानांच्या आणि घड्याळांच्या तबकड्या अंधारात दिसाव्यात म्हणून त्यांवर रेडियमचा रंग देत. मोटारींच्या काही घड्याळांवरही तो असे. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात तरुण मुली हे आकडे रंगवायच्या. टोक बारीक राहावं म्हणून कुंचला ओठांत धरायचा, असं त्यांना शिकवलेलं. पुढे त्यांच्या जबड्यांची हाडं झडू लागली. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींनी १९२७ साली कंपनीवर दावा लावला. वकील मिळवण्यातच तिची दोनेक वर्षं गेली होती. १९२८ मध्ये तडजोड झाली, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना धड चालताही येत नव्हतं.

तो हिरवा उजेड मात्र रेडियमचा नव्हताच. रेडियम फक्त ऊर्जा पुरवायचं, चमकायचं ते झिंक सल्फाइड. आणि हाच पदार्थ १९६० मध्ये क्रायसलरच्या डॅशबोर्डवर पुन्हा आला, यावेळी रेडियमशिवाय. त्याच्या पातळ थराला उलटसुलट वीजदाब दिला की बल्बाविना अख्खी तबकडी निळसर-हिरवी उजळायची. दिसायला फार देखणं प्रकरण, पण महाग. थोड्याच वर्षांत मागे पडलं.

बाकी सगळीकडे साधा बल्ब. आपल्या फियाट-अँबॅसिडरवाल्यांना तो पिवळट मिणमिणता उजेड आठवत असेल. रंग हवा तर बल्बवर रंगीत टोपी. बल्बच्या उजेडात निळा मुळातच थोडा, त्यामुळे निळी टोपी घातली की उजेडच उरत नसे. तांबडा सोपा होता, शिवाय त्याला शास्त्राचा आधार होता. अंधाराला सरावलेल्या डोळ्याचा सराव तांबड्या उजेडात कमी मोडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने याचा भरपूर उपयोग केला. पाँटिअ‍ॅकच्या तांबड्या आणि बीएमडब्ल्यूच्या नारिंगी डॅशबोर्डांचं समर्थन पुढे याच धर्तीवर होई.

एलईडीचीही तीच कथा. निक होलोनियाकने तांबडा एलईडी १९६२ मध्येच केला. झगझगीत निळ्यासाठी १९९३ उजाडावं लागलं, तोही जपानात, निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरांच्या हातून. (२०१४ चं नोबेल त्यांना आकासाकी आणि आमानो यांच्याबरोबर विभागून मिळालं.) निळा आल्यावर तिन्ही मूळ रंग हाती आले, आणि मस्टँगचं ते बटण शक्य झालं. वाईट एवढंच, की निळं काही मिळतंय म्हटल्यावर सगळे निळ्याच्याच मागे लागले. डोळ्याच्या मध्यभागी निळा ओळखणाऱ्या पेशी अगदी थोड्या; बारीक निळे आकडे रात्री पुसटच दिसतात.

इथल्या माझ्या एका मित्राने जुन्या गाडीचा अख्खा डॅशबोर्ड सोडवला, काटे उपसले आणि आतले इवलेसे हिरवे एलईडी काढून निळे डकवले. यात काही बेकायदा नाही. अमेरिकन नियम आकड्यांमागच्या उजेडाचा रंग सांगत नाहीत. ब्रेकच्या इशाऱ्याचा दिवा तांबडा, वळणाचा हिरवा, हेडलाइट 'अप्पर'ला असल्याचा निळा किंवा हिरवा, असं बंधन मात्र आहे. ते त्याने पाळलं होतं. पण त्याच्या गाडीतला अप्परचा दिवा निळा, आणि आता भोवतालचं सगळंच निळं. पहिल्याच रात्री समोरून येणारा जो तो त्याला दिवे मारत होता, आणि हा मला सांगतोय, "बघ, लोकांना किती आवडलंय!"