साखर न घालता ताज्या फळांचे सॅलड : गोडी पक्व फळातून आणा

नांदेड, लातूर भागात फ्रूट सॅलड म्हटले, की लग्नाच्या पंगतीतील दूध, कस्टर्ड पावडर आणि भरपूर साखर घातलेला पदार्थ डोळ्यांसमोर येतो. घरच्या शिकरणातही केळीवर साखर पडतेच. फळ योग्य वेळी तोडलेले आणि नीट पिकलेले असेल, तर वरून साखर घालावी लागत नाही. साखरेची गरज वाटते, त्यामागे बहुतेक वेळा अपक्व फळ हेच कारण असते. म्हणून सॅलडची खरी तयारी फळांच्या निवडीपासून सुरू होते.

तोडणीनंतर कोणती फळे गोड होतात?

- पिकणारी फळे : केळी, पपई, आंबा, सीताफळ. ही फळे पक्व अवस्थेत तोडली, तर नंतरही पिकतात. कच्च्या केळीच्या गरात सुमारे २० टक्के स्टार्च असतो. पिकताना त्यातील बहुतांश स्टार्चची साखर होते.
- न पिकणारी फळे : मोसंबी, द्राक्ष, डाळिंब, टरबूज. तोडल्यावर यांची गोडी वाढत नाही. आंबट मोसंबी चार दिवस घरात ठेवली, तरी गोड होणार नाही.

कोवळे फळ कॅल्शिअम कार्बाइडने पिवळे केले, तर फक्त साल रंगते. गर पिठूळ आणि बेचव राहतो. कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायूने पिकवण्यास मात्र ठरवून दिलेल्या मर्यादेत परवानगी आहे.

फळ ओळखावे कसे?

- केळी : सालीवर तपकिरी ठिपके आलेले केळे सर्वांत गोड. देठाकडे हिरवे असेल, तर एक-दोन दिवस थांबा. कच्ची केळी फ्रिजमध्ये ठेवू नका. सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही.
- पपई : सालीवर पिवळे पट्टे आल्यावर तोडावी. बोटाने दाबल्यावर किंचित मऊ लागली, की कापावी.
- सीताफळ : डोळे उघडून त्यांमधील भाग पिवळसर झाला, की फळ पक्व समजावे.
- मोसंबी : हातात जड लागणारी, गुळगुळीत सालीची घ्यावी. हिरवट साल म्हणजे कच्चे फळ असे नाही.
- पेरू : गडद हिरवा रंग जाऊन फिकट पिवळसर झालेला, वास येणारा घ्यावा.

अर्धापूर, मुदखेड भागातील केळी उत्पादकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लांबच्या बाजारासाठी घड पूर्ण भरण्याआधी कापला जातो. घरासाठी एखादा घड झाडावर पूर्ण भरू द्या. व्यापाऱ्याने आकार लहान म्हणून बाजूला काढलेल्या फण्याही चवीला कमी नसतात. माल बाजारात जातो आणि घरच्या मुलांच्या हाती बिस्किटाचा पुडा राहतो, हे टाळता येते.

साहित्य (चार जणांसाठी)

- पूर्ण पिकलेली केळी : ३
- पपईच्या फोडी : दीड वाटी
- पेरू : १ मध्यम
- मोसंबी : २
- डाळिंबाचे दाणे : अर्धी वाटी
- लिंबाचा रस : १ चमचा

कृती

१. सर्व फळे कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली धुवा. साल काढायची असली, तरी पपई धुवाच. नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर गरात जाते.

२. एक मोसंबी पिळून रस काढा. सर्वांत जास्त पिकलेले केळे त्या रसात कुस्करून पातळसर लगदा करा. साखरेच्या पाकाचे काम हा लगदा करतो.

३. दुसऱ्या मोसंबीच्या फोडींवरील पांढरा पापुद्रा काढा. तो कडवट असतो.

४. पेरू, पपई आणि उरलेली केळी कापा. केळी शेवटी कापून लगेच लिंबाचा रस लावा, म्हणजे काळी पडत नाहीत.

५. लगद्यात सर्व फोडी हलक्या हाताने मिसळा. वरून डाळिंबाचे दाणे घाला.

भाजलेल्या जिऱ्याची पूड किंवा चिमूटभर सैंधव आवडत असेल, तर वाढताना घाला. मीठ असो वा साखर, आधी घातल्यास फोडींतील पाणी बाहेर ओढले जाते, फोडी लिबलिबीत होतात आणि तळाशी पाणी साचते.

या मिश्रणात दूध घालू नका. मोसंबीच्या आंबटपणामुळे दूध फाटते आणि ताज्या पपईतील पपेन या विकरामुळे कडवट चव येते. दूध हवेच असेल, तर फक्त केळी, सीताफळ किंवा गोड आंबा घ्या.

हंगामानुसार बदल

- पावसाळ्याच्या अखेरीस व दिवाळीपर्यंत : सीताफळाचा गर, मोसंबी, केळी. बिया काढलेला सीताफळाचा गर लगद्यासाठी वापरता येतो.
- हिवाळा : पेरू, पपई, डाळिंब, केळी.
- उन्हाळा : टरबूज, खरबूज, द्राक्षे, मे महिन्यात केसर आंबा. टरबुजाला पाणी सुटते, म्हणून ते वाढतानाच मिसळा.

मधुमेह असेल तर

साखर घातली नाही म्हणजे पदार्थात साखर नाही, असे नव्हे. फळांची नैसर्गिक साखर त्यात असतेच. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या फळातील साखर ‘मुक्त साखरेत’ मोजत नाही, पण फळांच्या रसातील साखर मोजते. म्हणून रस काढून पिण्यापेक्षा फोडी खाणे चांगले. मधुमेही व्यक्तीसाठी केळी, सीताफळ, आंबा कमी करून पेरू व पपई वाढवा. मोसंबीचा रस न काढता फोडीच घाला. किती खावे, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

साठवण व विक्री

कापलेली फळे दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा एक तास हीच मर्यादा समजा. फ्रिजमध्ये झाकून ठेवून त्याच दिवशी संपवा.

बचत गटामार्फत विक्री करायची असेल, तर आधी अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करा. डब्यावर ‘शुगर फ्री’ असे लिहू नका. ते चुकीचे ठरते आणि मधुमेही ग्राहकाची दिशाभूल होते. ‘वरून साखर घातलेली नाही’ एवढेच लिहा. चव रोज सारखी राहावी, म्हणून प्रत्येक खेपेतील एक फळ आधी कापून चाखा. फिके निघाले, तर पिकणारे फळ आणखी एक-दोन दिवस ठेवा. न पिकणारे फळ असेल, तर ती खेप सॅलडसाठी वापरू नका.