तुकड्यांचे पांघरूण

मंडळी, अकोल्याहून वाशिमकडे गाडीने निघालात म्हणजे वाटेत जऊळका स्टेशन लागते. दोन्ही अंगांना काळी जमीन. आज तिच्यात सोयाबीन अन् तूर फार दिसते, पण एके काळी हा सारा वऱ्हाड मुलूख कपाशीचा म्हणून ओळखला जाई. मग अशा मुलखात थंडीच्या रात्री लेकराच्या अंगावर काय असे? नवे कापड? छे! असे ती गोधडी. फाटक्या लुगड्यांची, विटक्या धोतरांची.

याचे कारण थोडे इतिहासात आहे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाचे भाव चढले. युद्ध संपले तसे ते कोसळले. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. तिने गाठी बाहेर नेल्या आणि विलायती कापड आत आणले. त्या वेळचे कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक साहेब यांचा हिशेब सरळ होता: स्वस्त कापड आले म्हणजे इथला विणकर माग सोडून शेताकडे वळेल, आणि कापसाचा पेरा वाढेल. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळला. कापूस काही खाता येत नाही, हो!

गोधडी त्याच्याही आधीची आहे, हे खरे. परंतु चिंधीही फेकू नये ही सवय अशा दिवसांत अधिक घट्ट होते. जुने लुगडे अंथरायचे, त्यावर फाटक्या कपड्यांचे थर लावायचे, वरून बऱ्या तुकड्यांचे ठिगळ जोडायचे अन् कडेने धावदोरा घालीत आत आत यायचे. नकाशा कागदावर नाही, बाईच्या डोळ्यांत. शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६-१९५६) असेच चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घेऊन हिंडत. लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत.

आता क्रोशाच्या चौकोनांकडे या. शाळेतल्या बाईंना हे ठाऊक असेलच. चार-सहा साखळ्यांचे कडे करायचे, त्यात तीन-तीन खांबांचे पुंजके घालायचे, दर कोपऱ्याला साखळ्या सोडायच्या, की गोलाचा चौकोन होतो. एका चौकोनाला लोकरीचा उरलासुरला गुंडा पुरतो. तो पिशवीत मावतो, आणि भाकरी तव्यावर असताना खाली ठेवला तरी बिघडत नाही. असे शेकडो झाले म्हणजे जोडायचे.

ही आकडीची सुई युरोपातून आली. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून घर चालवले. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरला १८४४ च्या सुमारास एका स्कॉटिश मिशनरी दांपत्याने हे काम शिकवले, असे सांगतात. तिथे त्याचा मोठा धंदा झाला. मात्र विणणाऱ्या बाईच्या हाती पडणारी मजुरी फार थोडी. घरात बसून केलेल्या कामाला कोणी काम म्हणत नाही, हे त्यामागचे दुखणे. चेन्नईत २०१६ साली बायकांनी चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण केले आणि जागतिक विक्रम नोंदवला. त्या कामाची तरी वही झाली!

गोधडीची वही कुठे आहे? ती वापरून झिजते. म्हणून इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती लागत नाही. कापसाच्या गाठी कचेरीत मोजल्या गेल्या, भाव लिहिले गेले. त्याच कापसाच्या मुलखातली आजी रात्री दिव्याखाली काय शिवत होती, हे कोणी टिपले नाही. मला हे अन्यायाचे वाटते.

गुरुजी, तुमच्या वर्गातल्या मुलांना एक काम सांगून पाहा. घरातली सर्वांत जुनी गोधडी उलगडायची आणि आजीला एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारायचे, हा कोणाचा? कुठल्या लग्नातला? किती साली घेतलेला? कापड कोठून आणले होते, बाजारातून की फेरीवाल्याकडून? उत्तरे वहीत लिहायची, शेजारी तुकड्याचे चित्र काढायचे. आजी म्हणेल, ‘यात काय लिहायचं आहे, पोरा?’ तरी लिहून घ्यायचे.