बागांचे रुआ, ओकांचे मिव्हिल

देजार्दां हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा सहकारी पतसंस्थांचा गट. त्याची पहिली पतपेढी आल्फाँस देजार्दां यांनी 1900 साली क्वेबेकमधल्या लेवी इथे काढली. इथवर सगळे सरळ आहे. चरित्रकोशात त्यांच्या आईवडिलांची नावे वाचली आणि मी तिथेच अडकलो. वडील फ्रांस्वा रुआ दी देजार्दां, आई क्लारिस मिव्हिल दी देशेन.

हा 'दी' म्हणजे आपला ऊर्फ. रुआ हे मूळ आडनाव (लिहितात रॉयसारखे, पण बंगालशी संबंध नाही), देजार्दां हे जोडनाव. पुढच्या पिढ्यांत कुणी पहिले टाकले, कुणी दुसरे, कुणी दोन्ही मिरवली. त्यामुळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज दोन आडनावांनी निघतात आणि वंशावळ शोधणारा चकतो.

ही चाल आली कुठून? ठरलेले उत्तर: लष्करातून. फ्रेंच शिपायाला पलटणीत एक लढाईचे नाव चिकटे. इरोक्वा या मूळनिवासी लोकांशी लढायला 1665 मध्ये क्वेबेकला कारिन्यां-सालिएर पलटण आली, सुमारे 1200 शिपायांची. त्यांतले 400च्या आसपास तिथेच जमीन घेऊन राहिले, आणि नावेही राहिली: लारोझ, लातुलिप, लाव्हिओलेत, बिनघोर सांसूसी. स्थायिक झालेल्यांच्या 1668च्या यादीत तर कित्येक जण नुसत्या लष्करी नावानेच येतात. देजार्दांचा मूळ पुरुष आंत्वान रुआ याच पलटणीतला, पेशाने पिंपे बांधणारा. 1684 मध्ये लाशीन इथे एका नवऱ्याने त्याला आपल्या बायकोसोबत पाहिले आणि जिवे मारले. मारणाराही कोण, तर तालुआ दी व्हांदामाँ! आंत्वानच्या मागे एकच मुलगा, पिएर. वंश वाढला तो त्याच्यापासून.

पण देजार्दां म्हणजे 'बागांचा'. हे काही तलवार परजणारे नाव नव्हे. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, असली नावे शेताशिवारावरून पडली. माझे मत वेगळे. गुलाब, ट्यूलिप, व्हायोलेट ज्या सैन्यात कवायत करतात, तिथे बागही खपून जाते. रुआंच्या बाबतीत मी लष्कराच्याच बाजूने कौल देतो.

मात्र आईकडची बाजू पाहिली की लष्करवाल्यांची पंचाईत होते. मिव्हिलांचा मूळ पुरुष पिएर हा स्वित्झर्लंडचा. त्याला क्वेबेकमध्ये 'दी ल स्विस' म्हणत. त्याला 1649 मध्ये जमीन मिळाली, म्हणजे पलटण यायच्या 16 वर्षे आधी. देशेन म्हणजे 'ओक वृक्षांचा', आणि हे नाव त्याच्या मुलाकडून, जाककडून, पुढे चालले. इथे ना पलटण, ना हजेरीपट. लेवीच्या एकाच जोडप्यात नवऱ्याकडे एक उगम आणि बायकोकडे दुसरा! तेव्हा 'दी'ला एकच जन्मगाव शोधणे व्यर्थ. माझा अंदाज असा: शिपायांनी त्याला चलन दिले, टिकवले मात्र गावातल्या पाद्र्याने आणि नोटरीने. पाच-सहा जाँ रुआ शेजारी राहत असतील, तर दस्तात घोटाळा टाळायला दुसरे नाव लागणारच.

सुदैवाने तिथल्या नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने येते. क्लारिसचे मिव्हिल म्हणूनच आज सापडते. पाद्री सिप्रियँ तांगे यांनी 1871 ते 1890 मध्ये सात खंडांचा वंशावळींचा कोश रचला तो चर्चच्या अशाच रजिस्टरांवर. मॉन्ट्रियल विद्यापीठाने 1966 पासून तेच काम संगणकावर नेले.

अकादिया या शेजारच्या, मूळच्या फ्रेंच वसाहतीचे दुखणे निराळे. इंग्रजांनी 1755 मध्ये केलेल्या हद्दपारीत तिथल्या माणसांबरोबर कागदही उधळले. ग्रां-प्रेच्या चर्चचे रजिस्टर निर्वासितांसोबत थेट लुइझियानाला पोचले. ब्रिटनीलगतच्या बेल-ईल बेटावर वसवलेल्या कुटुंबांकडून 1767 मध्ये वंशावळी शपथेवर वदवून घेतल्या गेल्या. त्या जबान्या आजही शोधकांचा मोठा आधार आहेत.

आणि क्वेबेकच्या 'दी'चा घोळ अमेरिकेच्या सीमेपाशी थांबला नाही. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांत कामाला न्यू इंग्लंडला गेलेल्यांपैकी काहींच्या नावांचे सरळ भाषांतर झाले: रुआ (राजा) तिकडे किंग झाले, बुआव्हेर (हिरवे रान) ग्रीनवुड झाले. मॅसॅच्युसेट्सच्या एखाद्या किंगने क्वेबेकमध्ये किंग शोधू नये. आधी रुआ पाहावे, तिथे नाही सापडला तर देजार्दां.