चेसिसवरचा आकडा

कामरेज आज सुरतेला जवळजवळ चिकटले आहे. परंतु स्वातंत्र्यापूर्वी ही दोन स्थळे दोन निरनिराळ्या सत्तांखाली होती. सुरत इंग्रजांची, तर तापीकाठचे कामरेज बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातले. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगड घेतले, आणि पुढे त्या राज्याच्या आश्रयाने आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज या मुलखात स्थिरावले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. १ मे १९६० पासून हा प्रदेश गुजरातेत आहे. जमिनीच्या दप्तरात ही स्थित्यंतरे आपण वाचतो, जुन्या मोटारीच्या बाबतीत मात्र ती विसरतो.

वाड्याच्या पडवीत आजोबांची मोटार उभी असते. नोंदणीपुस्तक वाळवीने खाल्लेले, ज्यांच्या नावे ते होते ते गृहस्थ केव्हाच निवर्तलेले. पाटीवरचा क्रमांक हा सरकारने दिलेला. सत्ता पालटली की नोंदवही पालटते. कारखान्याने लोखंडात ठोकलेला आकडा तेवढा राहतो. म्हणून वारसांनी प्रथम तोच शोधावा, असे आमचे मत आहे.

तो शोधणे मात्र सोपे नसते. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ गाडीचा क्रमांक इंजिनाच्या डाव्या बाजूस, पाण्याच्या तोंडाच्या वर असे. बहुतेक वर्षे चेसिसवर तो नव्हताच. मिस्त्रीने इंजिन बदलले की गाडीची ओळखही त्याबरोबर गेली! पुढच्या ‘ए’ गाडीत इंजिनावरचाच क्रमांक चेसिसच्या डाव्या पट्टीवरही ठोकलेला असे, पण तो बॉडीखाली झाकला जाई. त्यामुळे पन्नास वर्षे गाडी बाळगूनही तो न पाहिलेले मालक असू शकतात. पितळी पट्टीवर विसंबू नये. ती रिव्हेट काढून दुसऱ्या गाडीवर बसवता येते.

रॉकेल आणि मऊ ब्रश यांनी मळ काढावा, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी. पॉलिश पेपर, ग्राइंडर मुळीच नको. पुसट झालेला आकडा हौसेने पुन्हा ठोकून घेणारे महाभाग आहेत. ते स्वतःचाच पुरावा नष्ट करतात. ठोकलेल्या आकड्याखालचे लोखंड दाबले गेलेले असते, म्हणून वरचा आकडा घासला गेला तरी प्रयोगशाळेत रसायनाने तो पुष्कळदा पुन्हा दिसू शकतो. नव्याने ठोकलेला आकडा ही सोय हिरावून घेतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. आधीच नोंदलेल्या गाडीस तिचा मूळ क्रमांक राखता येतो. तेव्हा गाडी रंगाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती पेन्सिलीची छाप आणि फाटक्या नोंदणीपुस्तकाची उरलेली पाने वारसाहक्काच्या कागदांत ठेवावीत.