दिल्लीची रेंज आणि नकाशावरच्या रेषा

मोबाइलच्या हिशेबात दिल्ली म्हणजे केवळ दिल्ली राज्य नव्हे. परवान्यांतल्या दिल्ली सेवाक्षेत्रात गाझियाबाद, नोएडा, फरिदाबाद आणि गुडगाव (आताचे गुरुग्राम) इथल्या टेलिफोन एक्स्चेंजांच्या हद्दीही येतात. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र मात्र याहून कितीतरी मोठे आहे. १९८५ च्या कायद्याने आखलेल्या या क्षेत्रात सोनीपत, रोहतक, पानिपत, मेरठ, अलवर हे भागही मोडतात, आणि दूरसंचारासाठी ते हरियाणा, उत्तर प्रदेश (पश्चिम) व राजस्थान या वेगळ्या सेवाक्षेत्रांत, म्हणजे सर्कलमध्ये, आहेत. लोकांची रोजची ये-जा दुसऱ्या नकाशावर चालते, फोनचे बिल मात्र अनेक वर्षे पहिल्या नकाशावर निघे. राजधानीच्या परिसरात मोबाइल कंपन्यांविषयी तीस वर्षे जो रोष साचत गेला, त्याचे मूळ बऱ्याच अंशी अशा कागदावर आखलेल्या हद्दींत आहे.

चार महानगरांसाठीचे पहिले परवाने १९९४ साली, प्रत्येक शहरात दोन कंपन्या या पद्धतीने दिले गेले. दिल्लीत ते भारती सेल्युलर आणि एस्सारच्या स्टर्लिंग सेल्युलरला मिळाले. भारतीची सेवा एअरटेल नावाने आली. स्टर्लिंगचे नेटवर्क पुढे हच आणि २००७ मध्ये व्होडाफोन झाले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला. देशातला पहिला मोबाइल कॉल म्हणून त्याची नोंद आहे. दिल्लीकरांना सेवा मिळू लागली ती त्याच वर्षाच्या अखेरीस. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांहून अधिक दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. फोन वाजला की आधी नंबर पाहायचा, कट करायचा आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन करायचा, ही काटकसर तेव्हा सर्रास चाले.

फोन कमी होते, तेव्हा नेटवर्कवर ताणही कमी होता. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली आणि दर उतरू लागले. २००१ मध्ये एमटीएनएलची डॉल्फिन सेवा दिल्ली-मुंबईत सुरू झाली, २००२ च्या अखेरीस आयडिया दिल्लीत आली, पाठोपाठ रिलायन्सचे सीडीएमए तंत्राचे फोन आले. मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. त्यानंतर भाजीवाले, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाया यांच्या हाती फोन आला. दिल्लीच्या मोबाइलच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा बदल म्हटला पाहिजे. पुढच्या गर्दीची सुरुवातही तिथूनच झाली.

सर्कलच्या हद्दीचा त्रास सर्वांत आधी काठावरच्या लोकांना झाला. रेडिओलहरींना राज्याची सीमा कळत नाही. फोन ज्या टॉवरचा सिग्नल जोरदार, तो पकडतो. सिंघू किंवा टिकरी सीमेलगत दिल्लीच्या हद्दीत राहणाऱ्याचा फोन घरबसल्या हरियाणाचा टॉवर पकडी आणि रोमिंग लागे. रोहतक किंवा मेरठहून रोज दिल्लीला येणाऱ्या नोकरदाराचा अर्धा दिवस रोमिंगमध्ये जाई, म्हणून अनेकांनी दोन सिम बाळगली. २००७ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने रोमिंगवरच्या येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला १ रुपया ७५ पैसे ठरवली; २०१३ मध्ये ती ७५ पैशांवर आणि २०१५ मध्ये ४५ पैशांवर आली. जुलै २०१५ पासून नंबर न बदलता एका सर्कलमधून दुसऱ्यात जाता येऊ लागले. त्याआधी, जानेवारी २०११ पासून, देशभर कंपनी बदलण्याची मुभा मिळाली होती, पण ती एकाच सर्कलच्या आत होती. नाराज ग्राहकाच्या हाती आलेले ते पहिले खरे हत्यार: १९०० वर एसएमएस करून कोड घ्यायचा आणि तो नव्या कंपनीला द्यायचा.

दुसरी हद्द फोन आणि संगणक यांच्यामध्ये होती. जीपीआरएसच्या काळात अनेक कंपन्यांचा मूळ दर १० केबीला १० पैसे होता. ऐकायला क्षुल्लक वाटणारा हा दर एका एमबीला दहा रुपयांच्या वर जातो. लॅपटॉपला फोन जोडून शंभर एमबी उतरवले तर बिल हजाराच्या पुढे. त्यावर कंपन्यांनी पॅक काढले, पण त्यांचे दोन प्रकार ठेवले. एअरटेल लाइव्हसारखा स्वस्त पॅक फोनच्या पडद्यावर कंपनीचे पोर्टल पाहण्यापुरता होता. लॅपटॉपवर पूर्ण इंटरनेट हवे असेल तर मोबाइल ऑफिस नावाचा वेगळा पॅक. दोन्हींचे ॲक्सेस पॉइंट वेगळे होते. फोनच्या सेटिंगमध्ये चुकीचा ॲक्सेस पॉइंट राहिला तर पॅक असूनही मूळ दराने पैसे कापले जात. प्रीपेड ग्राहकाची शिल्लक अशी काही मिनिटांत संपे आणि कारण त्याला कळत नसे. ग्राहकाच्या अज्ञानावर चालणारी ही रचना होती आणि तिचे समर्थन करता येत नाही.

रिलायन्सच्या सीडीएमए फोनवर हीच गोष्ट सोपी होती. डेटा केबलने फोन संगणकाला जोडायचा, #७७७ डायल करायचे, युजरनेम आणि पासवर्ड या दोन्ही जागी आपलाच मोबाइल नंबर टाकायचा. वेग डायल-अपपेक्षा थोडा बरा असे, पण ज्या घरात लँडलाइन नाही त्या घरातही इंटरनेट येई. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची त्याने मोठी सोय झाली. पुढे रिलायन्स नेटकनेक्ट, टाटा फोटॉन, एमटीएस एमब्लेझ अशी डोंगल आली आणि संगणकाचे इंटरनेट पुन्हा वेगळ्या सिमवर, वेगळ्या पॅकवर गेले.

स्मार्टफोनने ही विभागणी मोडली. २०१० च्या अँड्रॉइड २.२ मध्ये हॉटस्पॉट फोनमध्येच मिळू लागला, २०११ मध्ये आयफोनमध्येही ती सोय आली. अमेरिकेत कंपन्यांनी त्यावर वेगळा आकार लावला. एटी अँड टीने २०१० मध्ये त्यासाठी महिन्याला २० डॉलर मागितले, आणि टेथरिंगची, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला पुरवणारी, ॲप्स अडवल्याच्या प्रकरणात व्हेरायझनला २०१२ मध्ये साडेबारा लाख डॉलर भरावे लागले. अडवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. फोनमधून निघणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, बहुधा ६४. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होतो. लॅपटॉपचे पाकीट आधी फोनमधून जात असल्याने कंपनीच्या दारी ते ६४ ऐवजी ६३ असा आकडा घेऊन पोहोचते आणि कंपनीला मागे दुसरे यंत्र असल्याचे ओळखता येते.

भारतात हॉटस्पॉटचा असा वेगळा आकार रूढ झाला नाही. इथला बहुतांश ग्राहक प्रीपेड, आणि डेटा मोजूनच विकलेला. तो फोनवर संपला काय नि लॅपटॉपवर संपला काय, कंपनीला पैसे मिळालेलेच असत. अडचण उभी राहिली ती अमर्याद म्हणून विकलेल्या पॅकची. त्यात ठरावीक जीबीनंतर वेग इतका खाली येई की मेलसोबतची फाइल उघडेना. मोठ्या अक्षरांत अमर्याद आणि बारीक अक्षरांत मर्यादा, ही ग्राहकांची तक्रार रास्त होती.

तिसरी हद्द डोळ्यांना न दिसणारी, पण सर्वांत परिणामकारक. दिल्लीतल्या दोन मूळ कंपन्यांकडे ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झ लहरी होत्या. हा पट्टा मोलाचा, कारण त्याच्या लहरी दूर जातात आणि भिंती भेदून घरात शिरतात. दोघींचे वीस वर्षांचे परवाने नोव्हेंबर २०१४ मध्ये संपणार होते. फेब्रुवारी २०१४ च्या लिलावात त्याच १६ मेगाहर्ट्झसाठी बोली लागली. दिल्लीचा भाव मेगाहर्ट्झला सुमारे ७४१ कोटी रुपयांवर गेला. एअरटेलला ६, व्होडाफोनला ५ आणि आयडियाला ५ मेगाहर्ट्झ मिळाल्या. म्हणजे शहरातल्या दोन मोठ्या कंपन्यांना या पट्ट्यातल्या कमी लहरींत पूर्वीइतकेच ग्राहक सांभाळावे लागणार होते आणि संपूर्ण नेटवर्कची मांडणी बदलावी लागणार होती. त्याआधी २०१० च्या लिलावात दिल्लीच्या थ्रीजी लहरींच्या एका गाळ्याला ३,३१७ कोटी रुपये मोजले गेले होते. लहरींवर एवढा पैसा गेल्यावर टॉवर आणि केबलसाठी हात आखडता घेतला गेला, तर त्याचा दोष एकट्या कंपन्यांवर टाकता येत नाही. सरकारने लिलावातून तिजोरी भरताना सेवेच्या दर्जाची पुरेशी काळजी वाहिली नाही.

टॉवरची गोष्ट वेगळीच. परवानगी नसलेल्या टॉवरवर महापालिकांनी कारवाई केली, ल्युटेन्स दिल्लीत नव्या टॉवरला जागा मिळणे दुरापास्त, आणि वस्त्यांमध्ये किरणोत्साराच्या भीतीने रहिवासी संघ टॉवर हटवण्याची मागणी करीत. सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, तरी भीती ओसरली नाही. एकाच कॉलनीतून टॉवर नको आणि घरात रेंज नाही अशा दोन्ही तक्रारी येत.

या साऱ्याचा परिणाम २०१४-१५ मध्ये बोलता बोलता कट होणाऱ्या कॉलच्या रूपाने दिसला. ऑगस्ट २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या प्रश्नाविषयी चिंता व्यक्त केली. ऑक्टोबरमध्ये ट्रायने नियम काढला: १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक कट झालेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे रोजी तो रद्द केला. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने नियम मनमानी ठरवला. ट्रायच्याच मानकाप्रमाणे दोन टक्क्यांपर्यंत कॉल कट होणे मान्य होते, आणि ट्रायच्याच टिपणात कट होणाऱ्या कॉलपैकी सरासरी ३६.९ टक्के ग्राहकाकडच्या कारणांनी कट होतात असे म्हटले होते. तरीही सगळा दोष कंपनीवर धरला होता. निकाल कायद्याला धरून असेल, पण कट झालेल्या कॉलची थेट भरपाई ग्राहकाच्या हातून गेली ती गेलीच.

त्याच सुमारास आणखी एक प्रकार चर्चेत आला. सिग्नल तुटल्यावर कॉल किती वेळ धरून ठेवायचा, हे कंपनीला ठरवता येते. फोनमध्ये एक मोजणी चालू असते: सुमारे अर्ध्या सेकंदाला येणारा नियंत्रणसंदेश वाचता आला नाही तर एक वजा, वाचता आला तर दोन अधिक, शून्यावर आले की कॉल तुटतो. सुरुवातीचा आकडा १६ ऐवजी ६४ ठेवला तर सिग्नल पूर्ण गेल्यावरही कॉल जवळजवळ अर्धा मिनिट जिवंत दिसतो. पलीकडे आवाज नाही, ग्राहक ‘हॅलो, हॅलो’ करतो आणि शेवटी कंटाळून स्वतःच फोन ठेवतो. नोंदीत हा कॉल तुटलेला धरला जात नसे, आणि सेकंदांचे पैसे मात्र लागत. दर्जाची मोजणीच अशी वाकवता येत असेल, तर मानकाला अर्थ उरत नाही.

मोजणीत दुसराही दोष होता. दोन टक्के ही संपूर्ण सर्कलची सरासरी होती. मध्य दिल्लीतल्या चांगल्या टॉवरांच्या आड फरिदाबादच्या एखाद्या सेक्टरचे हाल झाकले जात. ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनी सरासरी सोडून किती टॉवर किती दिवस मानकात बसले हे पाहायला सुरुवात केली आणि दंड दहा लाखांपर्यंत नेला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले तेव्हा भांडण कंपन्यांच्या आपसांतल्या जोडणीवर गेले. दोन नेटवर्कमधल्या जोडणीत गर्दीमुळे हजारात पाचपेक्षा जास्त कॉल अडू नयेत असा नियम असताना जिओवरून जाणारे कॉल फार मोठ्या प्रमाणात अडत होते. ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाला मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली. दरम्यान डेटा इतका स्वस्त झाला की डोंगल बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले आणि घरोघरी फोनचा हॉटस्पॉट हेच इंटरनेट बनले. मर्यादा आता दिवसाच्या कोट्यात आली: दीड-दोन जीबी संपले की वेग ६४ केबीपीएस. मार्च २०२० च्या टाळेबंदीत नोएडा-गुरुग्रामच्या कार्यालयांचे काम अशाच हॉटस्पॉटवर सरकले आणि दुपारपर्यंत कोटा संपू लागला. मुलांचा ऑनलाइन वर्ग आणि आईबापांची मीटिंग एकाच फोनवर चालणाऱ्या घरांचे सर्वांत जास्त हाल झाले. ग्राहकापुढचे पर्यायही आटत होते: रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल बुडाल्या, व्होडाफोन-आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रगती मैदानात फाइव्हजीचा प्रारंभ झाला. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत दिल्लीही होती. फाइव्हजीचा मुख्य पट्टा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे वेगवान पण भिंतीपुढे दुबळा. विमानतळांजवळ आणखी अट आली: विमानांच्या उंचीमापकांत व्यत्यय नको म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत या पट्ट्याचे टॉवर लावू नयेत असे दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितले. गुरुग्राम आणि नोएडाच्या उंच इमारतींत धातूचा लेप दिलेली काच सिग्नल अडवते आणि इमारतीत केबल टाकू द्यायची की नाही हे बिल्डर वा सोसायटी ठरवते. रस्त्यावर पूर्ण रेंज आणि विसाव्या मजल्यावर शून्य, ही आजची मुख्य तक्रार आहे.

ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये दर्जाचे नवे नियम काढले. त्यांनुसार एखाद्या जिल्ह्यात २४ तासांहून अधिक सेवा बंद पडली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत द्यावी लागते, आणि कोणत्या भागात कोणते नेटवर्क आहे याचे नकाशे कंपन्यांना संकेतस्थळावर ठेवावे लागतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या वेगळ्या नियमांनी इमारतींनाही त्यांच्या आतल्या जोडणीवरून तारांकन देण्याची सोय केली. हे तारांकन ऐच्छिक असल्याने बिल्डरवर त्याचे बंधन नाही.